आघात एकाचा, घर दोघांचं: वैयक्तिक आणि जोडप्याची थेरपी एकत्र कशी आखावी

लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार, दारू पिऊन मारणारे वडील, भीषण अपघात, बाळाचा मृत्यू, जोडीदाराचं बाहेरचं प्रकरण. यातला मनावरचा एखादा आघात घरात असेल तर नवरा-बायकोची भांडणं वरवर पैशांवरून, सासर-माहेरावरून किंवा मोबाइलवरून होतात, पण त्यातली धग त्या विषयाची नसते. अशा वेळी फक्त एकट्याने थेरपी घेतली तर जखम भरू लागते आणि घरातला रोजचा व्यवहार ती पुन्हा उसवतो. फक्त जोडप्याने थेरपी घेतली तर बोलण्याची पद्धत सुधारते, पण पहिला मोठा ट्रिगर, म्हणजे जुना आघात जागा करणारी गोष्ट, समोर आला की सगळं शिकलेलं कोलमडतं. म्हणून दोन्ही लागतात. मात्र कोणती आधी, कोणती माहिती कुठून कुठे जाणार आणि कोणत्या आठवड्यात कोणता विषय उकरायचा नाही, हे ठरवल्याशिवाय दोन्ही सुरू केल्या तर त्या एकमेकींचं काम बिघडवतात.

सगळ्यात आधी: घरात भांडण आहे की भीती?

हा प्रश्न सुटल्याशिवाय जोडप्याच्या थेरपीची वेळ घेऊ नका. ‘नाही’ म्हटल्यावर काय होतं? माहेरी जायला, मैत्रिणीशी बोलायला, स्वतःच्या पगाराला हात लावायला परवानगी लागते का? कधी गळा दाबला आहे का? नको असताना शरीरसंबंध झाले आहेत का? एकाने तोंड उघडण्याआधी दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघावं लागतं का? ही विचारपूस दोघांची वेगवेगळी झाली पाहिजे. जोडीदार शेजारी बसलेला असताना याचं खरं उत्तर मिळत नाही. पहिल्या काही आठवड्यांत प्रत्येकाला एकदा तरी एकट्याने न भेटणारा थेरपिस्ट या कामासाठी चालणार नाही.

उत्तरांमधून मारहाण आणि धाक दिसत असेल तर एकत्र सत्रं घेऊ नयेत. सत्रात खरं बोललेल्याची शिक्षा घरी मिळते. शिवाय ‘दोघांनी थोडं थोडं बदलायचं’ ही जोडप्याच्या थेरपीतली नेहमीची भाषा मार खाणाऱ्यावरच दोष टाकते. अशा वेळी वैयक्तिक मदत आणि सुरक्षेचा आराखडा आधी हवा: कागदपत्रं कुठे ठेवायची, रात्री निघावं लागलं तर कुणाकडे जायचं, कुणाला फोन करायचा. तातडीच्या वेळी ११२, महिलांसाठी १८१. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा आहे आणि त्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयांत हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांना मदत करणारी ‘दिलासा’ केंद्रं आहेत. त्यातलं पहिलं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालं. गळा दाबला गेला असेल तर ‘एकदाच झालं होतं’ म्हणून सोडून देऊ नका, जिवावरच्या धोक्याची ती फार मोठी खूण असते.

रोजची दारू किंवा नशा, आत्महत्येचे विचार आणि अजून चालू असलेलं बाहेरचं प्रकरण हेही जोडप्याचं काम थांबवतात. त्यावर आधी वेगळे उपचार हवेत. आत्महत्येचे विचार येत असतील तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

माणसं किती आणि कोण

योग्य मांडणी अशी: ज्याला आघात झाला आहे त्याचा एक वैयक्तिक थेरपिस्ट, जोडप्यासाठी दुसरा, आणि झोप पूर्ण उडाली असेल किंवा नैराश्य खोल असेल तर मानसोपचारतज्ज्ञ. दुसऱ्या जोडीदारालाही जुनी जखम असेल तर त्याचा स्वतंत्र थेरपिस्ट. एकाच व्यक्तीने दोन्ही कामं करू नयेत. आठवडाभर एकाची बाजू ऐकलेला माणूस शनिवारी दोघांसमोर मधोमध बसू शकत नाही आणि दुसऱ्याला ते पहिल्याच सत्रात जाणवतं.

लहान गावात एकच तज्ज्ञ असेल तर एक काम तिथे प्रत्यक्ष घ्या आणि दुसरं ऑनलाइन. ऑनलाइन सत्राला दार बंद होणारी खोली लागते. वन रूम किचनमध्ये ती नसते, तेव्हा उभी केलेली गाडी, मित्राचं रिकामं घर किंवा सुट्टीच्या दिवशी ऑफिस वापरलं जातं. इमारतीची गच्ची टाळा. तिथे कोण कधी येईल सांगता येत नाही आणि आघाताबद्दल बोलणाऱ्याचं अर्धं लक्ष जिन्याकडे राहतं.

पाटीवरच्या ‘समुपदेशक’ या शब्दावरून शिक्षण कळत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तो क्रमांक मागायला संकोच करू नका. आघातावरच्या कोणत्या पद्धतीचं प्रशिक्षण आहे, जोडप्यांबरोबर काम करायला वेगळं शिकलात का, एकाने तुम्हाला गुपित सांगितलं तर काय करता, हे तीन प्रश्न फोनवरच विचारा. तिसऱ्या प्रश्नावर जो अडखळतो त्याच्याकडे जोडप्याने जाऊ नये. कौटुंबिक न्यायालयातलं समुपदेशन हा वेगळा प्रकार आहे. तिथे दाव्यात तडजोड होते का ते पाहिलं जातं, आघातावर उपचार होत नाहीत.

माहितीचं कुंपण

दोन्ही थेरप्या एकत्र चालवण्यात सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून यावर एक पूर्ण सत्र खर्च झालं तरी चालेल. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार उपचारांबद्दलची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे. त्यामुळे दोन थेरपिस्टांनी एकमेकांशी बोलावं असं वाटत असेल तर तशी लेखी संमती द्यावी लागते. ‘दोघांनी आपापसात बोलून घ्या’ एवढं मोघम लिहू नका. तीन भाग करा.

पहिल्या भागात न विचारता सांगता येईल ते: सुरक्षेचा धोका, उपचार कोणत्या टप्प्यावर आहेत, सध्या कोणते ट्रिगर जड जात आहेत, पुढचे दोन आठवडे कोणता विषय टाळावा. दुसऱ्या भागात दर वेळी विचारून सांगायचं ते: औषधं, लैंगिक अडचणी, माहेरच्या किंवा सासरच्या माणसांबद्दलची माहिती. तिसऱ्या भागात कधीच न सांगायचं ते: आघाताच्या प्रसंगाचा तपशील. संमतीला मुदत घाला, सहा महिने पुरेत, आणि ती कधीही मागे घेता येईल असं स्पष्ट लिहा. घटस्फोटाचा दावा चालू असेल किंवा होण्याची शक्यता असेल तर जोडप्याच्या सत्रांच्या नोंदी कुणाला मिळू शकतात, हेही आधीच विचारून ठेवा.

आता गुपितांचं. जोडप्याच्या थेरपिस्टने पहिल्याच दिवशी एक धोरण सांगायला हवं. बरेच जण ‘एकट्याने मला सांगितलेलं, नात्यावर परिणाम करणारं काहीही मी दडवून ठेवणार नाही’ असा नियम ठेवतात. आघाताच्या कामात तो जसाच्या तसा लावला तर नुकसान होतं. बाहेरचं प्रकरण, लपवलेलं कर्ज ही नात्याची माहिती आहे, ती दडवून जोडप्याचं काम पुढे जात नाही. पण वयाच्या नवव्या वर्षी मामाने काय केलं, ही त्या व्यक्तीची स्वतःची माहिती आहे. ती कधी, किती आणि कुणाला सांगायची हे फक्त तिनेच ठरवायचं. हा फरक धोरणात लिहून घ्या.

गोपनीयतेला कायद्याच्या मर्यादाही आहेत. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं समजलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे. अत्याचार करणारा नातेवाईक आजही मुलांच्या आसपास असेल तर हा मुद्दा सत्रात निघणारच, तेव्हा त्याची कल्पना आधी असलेली बरी.

कोणता टप्पा कधी

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी आघाताच्या उपचारांचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवणींना भिडणं आणि शोक, मग माणसांशी आणि जगण्याशी पुन्हा नातं जोडणं. दोन्ही थेरप्या याच क्रमावर बसवायच्या.

पहिला महिना पाहणीचा. जोडप्याच्या थेरपिस्टबरोबर एक एकत्र सत्र, मग प्रत्येकाचं एकेक, मग पुन्हा एकत्र बसून ‘तुमच्यात हे असं घडतंय’ अशी मांडणी. वैयक्तिक थेरपिस्टकडे त्याच काळात पीसीएल-५ ही आघातानंतरची लक्षणं मोजणारी वीस प्रश्नांची प्रश्नावली भरावी. तिचे गुण ० ते ८० असतात आणि ३१ ते ३३ च्या पुढे गेले तर पीटीएसडीची, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक आजाराची, नीट तपासणी करतात. हे आकडे निदान नव्हेत, पण पुढे तुलनेला फार उपयोगी पडतात.

त्यानंतरचे सहा ते आठ आठवडे जमीन घट्ट करण्यासाठी. वैयक्तिक सत्र दर आठवड्याला, जोडप्याचं पंधरा दिवसांनी. या काळात आघाताच्या गोष्टीला हातच लावायचा नाही. एकट्याने श्वास, झोप, शरीर बधिर झाल्यावर परत जागेवर येण्याचे उपाय शिकायचे. दोघांनी मिळून आपल्या भांडणाचं चक्र कागदावर काढायचं. भावनाकेंद्री थेरपीत, म्हणजे स्यू जॉन्सन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत, पहिलं मोठं काम हेच असतं.

समजा, बायको ओट्याशी उभी आहे आणि नवऱ्याने मागून येऊन खांद्यावर हात ठेवला. ती दगडासारखी थिजते. त्याला वाटतं, मी नकोसा झालोय, आणि तो न बोलता हॉलमध्ये जाऊन टीव्ही लावतो. ती त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ राग असा घेते, कारण तिच्या लहानपणी शांततेनंतर मार यायचा. ती चिडून बोलते, तो आणखी आत जातो. या एका प्रसंगात दोन्ही थेरप्यांची कामं वेगळी काढून दाखवता येतात. मागून आलेल्या हाताशी कोणती आठवण जोडलेली आहे, हे वैयक्तिक सत्रात. समोरून यायचं, आधी आवाज द्यायचा, आणि ‘तू थिजलीस की मला नाकारल्यासारखं वाटतं’ हे त्याने टीव्ही न लावता म्हणायचं, हे जोडप्याच्या सत्रात. त्याच्या मनातल्या नकोसेपणाला त्याच्याही बालपणाची मुळं असतील तर ते त्याच्या वैयक्तिक कामाचं.

मग आठवणींना भिडण्याचा टप्पा. कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, म्हणजे आघातामुळे मनात बसलेले समज तपासून बदलण्याची पद्धत, साधारण १२ सत्रांची असते. प्रोलाँग्ड एक्स्पोजर, म्हणजे टाळलेल्या आठवणींना हळूहळू सामोरं जाण्याची पद्धत, ८ ते १५ सत्रांची आणि एकेक सत्र बहुधा ९० मिनिटांचं. ईएमडीआरची, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींच्या आधाराने आठवण हाताळण्याच्या पद्धतीची, सत्रंही ६० ते ९० मिनिटं चालतात. या काळात स्वप्नं वाढतात, चिडचिड वाढते, शरीराला हात लावलेला नको होतो. काही काळ लक्षणं वाढणं हे उपचार फसल्याचं लक्षण नाही, पण जोडीदाराला हे आधी सांगितलं नसेल तर त्याला वाटतं, थेरपीनेच संसार बिघडवला. म्हणून हा टप्पा सुरू होण्याच्या आधीच्या जोडप्याच्या सत्रात त्याची पूर्वतयारी झालीच पाहिजे. मुलांची बोर्डाची परीक्षा, नणंदेचं लग्न, बदली अशा काळात हा टप्पा सुरू करू नका.

जड सत्र आणि जोडप्याचं सत्र यांच्यात किमान ४८ तास ठेवा. दोघांनाही आघात असेल तर दोघांचं आठवणींचं काम एकाच वेळी काढू नका. एकाचं पूर्ण होऊन तो सावरला की दुसऱ्याचं. घरात एक तरी माणूस असा हवा जो रात्री तीनला उठून पाणी देऊ शकेल.

तिसऱ्या टप्प्यात प्रमाण उलटतं: जोडप्याचं सत्र दर आठवड्याला, वैयक्तिक महिन्यातून एकदा. विश्वास, शरीरसंबंध, मुलांसमोरचं वागणं, पैसे हे विषय आता उघडायचे. शरीरसंबंधांची सुरुवात दहा मिनिटांच्या, कपड्यांसकट, संभोगाकडे न जाणाऱ्या स्पर्शापासून करतात. कुठे, किती वेळ, कुणी कुणाला हे आधी बोलून ठरवायचं आणि ‘थांब’ म्हटलं की त्याच क्षणी थांबायचं. थिजलेलं शरीर काही बोलत नाही, म्हणून गप्प राहणं म्हणजे होकार असं धरू नका. मधेच विचारा, आणि उत्तर आलं नाही तर थांबा.

दोन वेगळे थेरपिस्ट परवडत किंवा मिळत नसतील तर एक पर्याय आहे. कँडिस मॉन्सन आणि स्टेफनी फ्रेडमन या मानसशास्त्रज्ञांनी पीटीएसडीसाठी जोडप्याची संज्ञानात्मक-वर्तन थेरपी तयार केली. यात आघाताचे उपचार आणि नात्याचं काम एकत्रच होतं: १५ सत्रं, प्रत्येक सुमारे ७५ मिनिटांचं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत पीटीएसडीची लक्षणंही कमी झाली आणि रुग्णांचं नात्यातलं समाधानही वाढलं. त्यातही जोडीदारासमोर प्रसंगाचा तपशील सांगायला लावत नाहीत. त्या प्रसंगाने मनात कोणते समज बसले, त्यावर दोघं काम करतात.

घरी पाळायचे नियम

थांबण्याचा करार लेखी करा. एक शब्द ठरवा, ‘ब्रेक’ चालेल. जोडप्यांचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या निरीक्षणानुसार भांडणात नाडीचे ठोके मिनिटाला १००च्या वर गेले की समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही आणि शरीर शांत व्हायला किमान २० मिनिटं लागतात. म्हणून ब्रेक अर्ध्या तासाचा. त्या वेळात मनातल्या मनात पुढचं वाक्य घोळवायचं नाही. चालायचं, भांडी घासायची, अंघोळ करायची. ज्याने ब्रेक मागितला त्यानेच विषय परत काढायचा, त्याच दिवशी, फार तर २४ तासांत. ही शेवटची अट सुटली की ब्रेकचा अबोला होतो, आणि ज्याच्या लहानपणी अबोला ही शिक्षा होती त्याला तो भांडणापेक्षा जास्त लागतो.

वैयक्तिक सत्राहून परतलेल्या माणसाला ‘काय बोललात आज?’ असं विचारू नका. ‘चहा टाकू, की थोडा वेळ एकटं बसायचंय?’ एवढंच पुरे. जोडप्याच्या सत्राआधी प्रत्येकाने तीन ओळी लिहून न्याव्यात: या आठवड्यात काय जड गेलं, मला काय हवं आहे, आणि आज कशावर बोलायचं नाही. तिसरी ओळ मान्य करणं हाच उपचार आहे. ज्याच्या ‘नाही’ला कधी किंमत नव्हती त्याचं ‘नाही’ इथे पहिल्यांदा चालतं.

आघाताबद्दल जोडीदाराला किती सांगायचं? बातमीच्या मथळ्याएवढं. ‘लहानपणी जवळच्या नातेवाइकाने माझ्यावर अत्याचार केला, त्यामुळे अंधारात दार उघडलं की मी दचकते.’ एवढ्याने वागणं समजतं. तपशील कळला की जोडीदाराच्या डोळ्यांसमोर चित्रं उभी राहतात आणि मग त्याचा राग, त्याची झोपमोड सांभाळण्याचं काम पुन्हा तिच्यावरच येतं.

अत्याचार करणारा कुटुंबातलाच असेल तर गणपती, दिवाळी, लग्नकार्य हे खरे कसोटीचे दिवस. जायचं की नाही हे आघात सोसलेल्या व्यक्तीने ठरवायचं. जायचं ठरलं तर स्वतःच्या वाहनाने जा, मुक्काम करू नका, निघायची वेळ आधीच जाहीर करा, जेवायला कुठे बसायचं ते ठरवा, आणि मुलांना क्षणभरही त्या माणसाजवळ एकटं सोडू नका. ‘मोठ्यांच्या पाया पड’ या आग्रहाला कोण उत्तर देणार? जोडीदाराने द्यावं. ‘आम्हाला निघायचंय’ हे वाक्य त्याच्या तोंडून आलं की तिला कारण द्यावं लागत नाही. थेरपीबद्दल सासरी काय सांगायचं याचंही एकच वाक्य ठरवा आणि दोघांनी तेच सांगा.

बाहेरच्या प्रकरणाची जखम

इथे क्रम बदलतो, कारण जखम नात्यातच झाली आहे. जोडप्याचं काम आधी, पण बाहेरचा संपर्क पूर्ण तोडल्यावरच. कधीपासून, कुणाशी, पैसे किती गेले, अजून कुणाला माहीत आहे, आजारांची तपासणी झाली का, या प्रश्नांची खरी उत्तरं एकदाच आणि पूर्ण मिळायला हवीत. थोडं थोडं करून बाहेर येणारं सत्य दर वेळी जखम पहिल्यासारखी ताजी करतं. पलंगावरचा तपशील मात्र विचारू नये आणि सांगू नये. चौकशीसाठी आठवड्यात दोन वेळा, अर्धा अर्धा तास ठरवा, नाहीतर रात्री अकराला सुरू झालेली विचारणा पहाटेपर्यंत जाते. फोन दाखवण्याचा करार तीन महिन्यांचा करा आणि मग थेरपिस्टसमोर त्याचा फेरविचार करा. बेमुदत पाळतीने विश्वास परत येत नाही.

बिघडतं कुठे

वैयक्तिक थेरपिस्टला घरातली एकच बाजू दिसते. काही महिन्यांनी तो नकळत वकील होतो, आणि ‘माझे थेरपिस्ट म्हणतात तू नार्सिसिस्ट आहेस’ असलं वाक्य घरी येतं. न भेटलेल्या माणसाचं निदान कुणीही करू शकत नाही. असं वाक्य आलं तर ते जोडप्याच्या सत्रात मांडा आणि दोन्ही थेरपिस्टांना महिन्यातून पंधरा मिनिटं फोनवर बोलायला सांगा. एक ‘राग बाहेर काढा’ म्हणतो आणि दुसरा ‘मऊ बोला’ म्हणतो, असा विसंवादही तिथेच सुटतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे जोडीदार घरातला थेरपिस्ट होतो. ‘तू आत्ता ट्रिगर झाली आहेस’ हे भांडणात वापरलं की तो टोमणाच ठरतो. आणखी एक: जोडप्याच्या सत्रात अचानक आठवण उसळते आणि वैयक्तिक वेळ तीन आठवड्यांनी असते. यासाठी तातडीच्या वेळेची सोय दोन्ही थेरपिस्टांकडे आधीच विचारून ठेवा.

खर्चाचा हिशेब सुरुवातीलाच मांडा. समजा वैयक्तिक सत्राला १,५०० आणि जोडप्याच्या सत्राला २,५०० रुपये पडत असतील तर चार वैयक्तिक आणि दोन एकत्र सत्रांचे महिन्याला ११,००० होतात. दोघांचीही वैयक्तिक थेरपी असेल तर १७,०००. पैसे कमी पडल्यास दोन्ही निम्म्याने करू नका. ज्या टप्प्यावर आहात त्या टप्प्याची मुख्य थेरपी पूर्ण ठेवा आणि दुसरी महिन्यावर न्या. आठवणींचं काम अर्धवट सोडणं सगळ्यात महागात पडतं.

दर महिन्याला पीसीएल-५ पुन्हा भरा. दहा किंवा त्याहून जास्त गुणांची घट झाली तर सुधारणा खरी मानतात. घरासाठी एक साधी नोंद ठेवा: या आठवड्यात किती वेळा बिनसलं आणि पुन्हा नीट बोलायला किती वेळ लागला. भांडणांची संख्या तेवढीच राहून तीन दिवसांचा अबोला तीन तासांवर आला असेल तर काम योग्य दिशेने चाललं आहे. तीन महिन्यांत दोन्ही आकडे हलले नाहीत तर चौघांनी एकदा एकत्र बसावं: तुम्ही दोघं आणि दोन्ही थेरपिस्ट. पद्धत बदलायची, क्रम बदलायचा की औषधांचा विचार करायचा, हे तिथे ठरवा.

सत्रं संपवताना एकदम थांबू नका. पंधरवडा, मग महिना, मग तीन महिने असं अंतर वाढवा आणि शेवटच्या नियमित सत्रातच तीन महिन्यांनंतरची तारीख घेऊन ठेवा. प्रसंगाचा वर्षदिन, बाळंतपण, आईवडिलांचा मृत्यू, आपल्यावर आघात झाला त्या वयाची मुलगी होणं, या वेळी जुनी लक्षणं परततात. त्यांच्या तारखा किंवा अंदाजे काळ आत्ताच एका कागदावर लिहा आणि त्याच्या आधीच्या महिन्यात एक सत्र ठेवा.